तासाभराचे पाणी

मुंबईहून रेवसला जायला समुद्रावरून तास-सव्वा तास लागतो. माझी आजी हा प्रवास सबंध दिवस घालवून करीत असे. पहाटे उठून ती एस. टी. स्टँडवर जायची, पनवेल-पेण-अलिबाग असा वळसा घालायची, आणि दिवेलागणीला दमूनभागून घरी पोचली की ओटीवर बसून पहिले वाक्य म्हणायची, "आले बाई कोरड्या पायांनी!" माझे वडील हिशेबी गृहस्थ होते. त्यांनी एकदा शाळेचा नकाशा उघडून तिला दाखवले, "हे बघा, हा भाऊचा धक्का, हे रेवस. मध्ये बोटाचं एक पेर सुद्धा अंतर नाही." आजी नकाशाकडे न पाहताच म्हणाली, "कागदावरचं पाणी ओलं नसतं."

त्यावर कोणी बोलले नाही, कारण कारण सर्वांना ठाऊक होते. आजीचे वडील रामदास बोटीवर होते.

आजच्या मुलांना रामदास म्हटले की समर्थ आठवतात. पण रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर अजून अशी घरे आहेत, जिथे या नावाबरोबर म्हातारी माणसे गप्प होतात. १७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. आषाढी अमावास्येचा, म्हणजे गटारीचा दिवस. रामदास बोट सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. पावसाळी हवा, उसळलेला समुद्र, आणि बोटीवर सणाला घरी निघालेल्या माणसांची दाटी. काशाच्या खडकाजवळ एक मोठी लाट बोटीवर आली, घाबरलेली माणसे एका अंगाला धावली आणि बोट कलंडली. सहाशेंहून अधिक माणसे गेली. मुंबई बंदर हाकेच्या अंतरावर, पण बोटीवर वायरलेस नव्हता. त्यामुळे बोट बुडाल्यावर कितीतरी तास मुंबईला पत्ताच नव्हता. मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या कोळ्यांनी गलबतातली मासळी समुद्रात फेकून माणसे उचलली. वाचली त्यांतली कित्येक त्या कोळ्यांमुळे वाचली.

आजी तेव्हा नऊ वर्षांची होती. तिच्या वडिलांचे रेवसजवळच्या एका खेड्यात लहानसे दुकान होते आणि ते माल आणायला मुंबईला गेले होते. येताना हिरव्या बांगड्या आणणार होते. ती आणि तिचा भाऊ डोक्यावर इरले घेऊन धक्क्यावर उभी राहिली. बोटीची वेळ टळली, दुपार झाली. "मग?" आम्ही लहानपणी विचारायचो. "मग काय? बोट आली नाही," एवढेच ती सांगायची. तिने आयुष्यभर हिरव्या बांगड्या भरल्या नाहीत, लग्नातसुद्धा हट्ट करून लाल भरल्या, हे मला फार पुढे आईकडून कळले.

अशा घरातला मुलगा जहाजावर जातो म्हणाला तेव्हा काय झाले असेल, याची कल्पना वाचकांनी करावी.

हा मुलगा म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा एकुलता एक. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर दोन मोठ्या जहाजांची दिवसाढवळ्या टक्कर झाली, तेव्हा तो दहा वर्षांचा होता. 'एमएससी चित्रा' हे न्हावा-शेव्याहून निघालेले जहाज एका कुशीवर कलले होते आणि त्यावरच्या लोखंडी पेट्या काड्यापेट्यांसारख्या समुद्रात ओघळल्या होत्या, ते छायाचित्र पुष्कळांना आठवत असेल. सुदैवाने दोन्ही जहाजांवरची माणसे वाचली, पण शेकडो पेट्या पाण्यात पडल्या, काहींत विषारी कीटकनाशके होती, आणि बंदराची वाट कित्येक दिवस बंद राहिली. इतर मुलांनी क्रिकेटपटूंची चित्रे वहीत चिकटवली. आमच्या भाचेबुवांनी हे कललेले जहाज चिकटवले. कोणी विचारले तर म्हणायचे, "एवढा मोठा समुद्र असताना ती एकमेकांवर आपटली कशी, ते मला बघायचंय."

२०१८ साली बारावी झाल्यावर त्याने तेच सांगितले. आक्काने दोन दिवस जेवण टाकले. मेहुणे स्वभावाने मौनी. तेव्हा मध्यस्थीला मला बोलावण्यात आले. मी मराठीचा प्राध्यापक. ज्या विषयातले काही कळत नाही त्यावर पाऊण तास अस्खलित बोलणे हा आमच्या धंद्याचा भाग आहे. मी आक्कासमोर बसून रडार, उपग्रह, वायरलेस यांवर असे काही व्याख्यान दिले की शेवटी मलाच पटले. "आक्का, आता ते दिवस गेले. आता जहाज कुठे आहे ते आकाशातून दिसतं. तुझ्या मुलाला काय करायचंय, नुसतं पडद्याकडे बघायचं." आक्काने डोळे पुसले आणि कागदावर सही केली. मला, खोटे कशाला बोला, आपल्या वक्तृत्वाचा थोडा अभिमानच वाटला.

आजी तेव्हा ऐंशीची होती. कोपऱ्यात बसून वाती वळत होती. ती एवढेच म्हणाली, "सगळं दिसतं म्हणतोस, पण बघायला कोण जागं असतं?" मी हसलो. दुसऱ्या वर्षी आजी गेली.

गेल्या दिवाळीला भाचेबुवा सुट्टीवर होते. आता ते सेकंड ऑफिसर, म्हणजे मालवाहू जहाजावर वाटेची आखणी करणारे अधिकारी. वसुबारसेच्या संध्याकाळी फराळाची ताटे समोर असताना मी सहज विचारले, "वाट आखायची म्हणजे काय रे? समुद्रात काय वाटा असतात?" आणि त्या प्रश्नाने आमच्या जेवणाच्या टेबलाचा अरबी समुद्र झाला.

मिसळणाचा डबा मध्ये ठेवून तो म्हणाला, "ही खांदेरी. इथलं दीपगृह १८६७चं. हे मीठ म्हणजे कुलाब्याच्या टोकाबाहेरचं प्रॉन्ग्ज, १८७५चं." मग त्याने चिवड्याच्या बशीपासून लाडवाच्या डब्यापर्यंत टेबलावर पाण्याचे बोट ओढले. "मामा, तुम्हाला वाटतं जहाज निघालं की नकाशा बघायचा. तसं नाही. धक्का सोडण्यापूर्वी पलीकडच्या धक्क्यापर्यंतची सगळी वाट कागदावर पुरी व्हावी लागते. आधी माहिती गोळा करायची: खोली, भरती-ओहोटी, वारा, दीपगृहं, बंदराच्या सूचना. मग रेघ आखायची. मग त्या रेघेवरून जायचं. आणि जाताना रेघेवर आहोत की नाही हे सारखं तपासायचं. चारांतलं एकही सोडायचं नाही."

"पण रेघ आखायची म्हणजे पट्टीने दोन टिंबं जोडायची, एवढंच ना?"

"आधी जिथे जायचं नाही ती जागा रंगवायची," तो म्हणाला, "मग उरेल त्यातून रेघ." हे मला फार आवडले. खडक, उथळ पाणी, बुडालेली जहाजे, मुंबई हायजवळची तेलाची फलाटे, ज्यांच्या पाचशे मीटरांच्या आत फिरकायचे नसते, हे सगळे आधी वर्ज्य करावयाचे. तळाखाली किती पाणी हवे ते ठरवावयाचे. आणि त्यातही गंमत अशी की उथळ पाण्यात जहाज वेगाने गेले तर ते आणखी खाली बसते, म्हणून वेगही आधीच ठरवावयाचा. वळण कुठे आहे यापेक्षा सुकाणू कुठे फिरवायचे हे महत्त्वाचे, कारण एवढे धूड सांगितल्याबरोबर वळत नाही. भरलेले मोठे जहाज थांबवायचे म्हटले तरी मैल-दोन मैल, कधी त्याहून अधिक, पुढे जाऊन थांबते. आणि बंदरात शिरण्यापूर्वी नकाशावर एक खूण असते: इथपर्यंत काही बिघडले तर परत फिरता येते, यापुढे नाही. आक्काच्या सहीची मला एकदम आठवण झाली. मी चकली उचलली.

"चकली ठेवा, ते जहाज आहे," भाचेबुवा म्हणाले.

मग त्याने टक्कर कशी होते ते सांगितले. रात्री प्रत्येक जहाजाच्या उजव्या अंगाला हिरवा दिवा, डाव्या अंगाला लाल. दोन जहाजे आडवी येत असली तर ज्याला दुसरे आपल्या उजवीकडे दिसते त्याने वाट द्यायची. म्हणजे ज्याला समोरच्याचा लाल दिवा दिसतो तो थांबणार वा वळणार, ज्याला हिरवा दिसतो तो आपल्या वाटेने जाणार. समोरासमोर आली तर दोघांनी उजवीकडे वळायचे. मासे धरणाऱ्या होडीने, ट्रॉलर असेल तर हिरव्याखाली पांढरा, इतर जाळे असेल तर लालाखाली पांढरा दिवा लावायचा, आणि भर समुद्रात मोठ्या जहाजाने तिला वाट द्यायची. लहानाने मोठ्याला नव्हे, मोठ्याने लहानाला! आपल्या रस्त्यावर हा कायदा कधी येईल कोण जाणे.

"आणि सगळ्यात सोपी खूण," तो म्हणाला, "दुसरं जहाज दिसलं की खिडकीच्या गजाशी ते लावून धरायचं. गजापासून ते पुढे सरकलं किंवा मागे सरकलं, तर भीती नाही. पण गजाशी तसंच राहिलं आणि नुसतं मोठं मोठं होत गेलं, तर समजायचं, ते आपल्यावर येतंय. पुस्तकात याला होकायंत्राची दिशा म्हणतात. पण गज चालतो, आपण वळत नसलो तर."

आक्का स्वयंपाकघराच्या दारात पुरी लाटायचे लाटणे हातात घेऊन उभी होती. तिने खिडकीच्या गजाकडे पाहिले.

"मग हे सगळं असताना टकरा का होतात?" मी विचारले.

त्याने डोव्हरच्या सामुद्रधुनीची हकिकत सांगितली. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामध्ये जेमतेम तेहतीस किलोमीटर रुंदीचे पाणी आणि त्यातून रोज चारशेहून अधिक जहाजे. १९६७ साली तिथे जाणाऱ्यांची आणि येणाऱ्यांची वाट वेगळी आखून दिली, पण पाळणे न पाळणे ज्याच्या त्याच्या मर्जीवर. ११ जानेवारी १९७१ला 'पाराकास' नावाचे जहाज उलट्या बाजूने आले आणि 'टेक्साको कॅरिबियन' या तेलवाहू जहाजावर आपटले. ते बुडाले. दुसऱ्या दिवशी 'ब्रांडेनबुर्ग' हे जहाज त्याच बुडालेल्या सांगाड्यावर आपटून बुडाले. मग तिथे दिवे आणि खुणा लावल्या. तरी फेब्रुवारीच्या अखेरीस 'निकी' नावाचे तिसरे जहाज त्या खुणांमधूनच आले आणि सगळ्या माणसांसकट गेले. त्यानंतर १९७२ साली नियमांचे नवे पुस्तक झाले आणि १९७७ पासून अशा आखीव वाटा पाळणे सक्तीचे झाले. आपल्याकडेही नैर्ऋत्य किनाऱ्याबाहेर मालवाहू जहाजे आणि मासेमारी बोटी यांच्या टकरा होऊन कोळी मेले, तेव्हा २०२० सालच्या १ ऑगस्टपासून नौवहन महासंचालनालयाने जहाजांच्या वाटा आखून दिल्या.

"म्हणजे आधी माणसं मरतात, मग रेघ पडते," आक्का दारातून म्हणाली आणि आत गेली. पुरी करपल्याचा वास आला होता.

रात्री मी गॅलरीत आकाशकंदील नीट करीत होतो, तेव्हा भाचा मागे येऊन उभा राहिला. "मामा, एक सांगायचंय. आईला सांगू नका."

ऑगस्ट संपून सप्टेंबर लागला होता. न्हावा-शेव्याहून कोचीला जाताना रत्नागिरीच्या बाहेर रात्री दोनची वेळ. बारा ते चार हा त्याचा पहारा. कॅप्टन खाली झोपलेला, वर हा आणि एक खलाशी. समोर दिवेच दिवे. "तुम्ही चौपाटीवरून मुंबई बघता ना, तशी. पण ती मुंबई आपल्या समोर, पाण्यात, आणि हलणारी." पावसाळी बंदी उठून बोटी बाहेर पडल्या होत्या. मोठ्या बोटी पडद्यावर दिसत होत्या. लहानग्यांपैकी कित्येक दिसत नव्हत्या, लाटांच्या ठिपक्यांत हरवलेल्या. कॅप्टनची लेखी आज्ञा होती की गर्दी लागली तर मला हाक मार. "मला वाटलं, पंधरा मिनिटांत यातून बाहेर पडू. त्याची झोप मोडायची कशाला?"

मग अगदी पुढे, जिथे काळोख होता तिथे, टॉर्च हलू लागली. एक लहान बोट, एक मिणमिणता दिवा, तोही त्यांच्याच केबिनच्या आड. याने सुकाणू पूर्ण उजवीकडे टाकायला लावले, भोंगे दिले. जहाज वळू लागेपर्यंतचा वेळ किती होता ते त्याला सांगता येईना. बोट डाव्या अंगाने गेली, शंभर-सव्वाशे मीटरांवरून. "तिच्यावर एक पोरगा होता. बनियन घातलेला. तो टॉर्च आमच्यावर धरूनच उभा होता, मामा. तो ओरडतही नव्हता. स्टोव्हवर काहीतरी ठेवलेलं दिसलं."

वळताना जहाज कलले तेव्हा कॅप्टनच्या टेबलावरचा कप पडला आणि तो आपोआप वर आला. तो रागावला नाही. सगळे ऐकून घेऊन त्याने विचारले, "मला किती वाजता उठवायला हवं होतं?" याने सांगितले, "दीड वाजता." "मग तसंच वहीत लिही," म्हणाला.

"पण बोटीला नीट दिवे नव्हते, चूक त्यांचीच," मी म्हणालो. मामाने दुसरे काय म्हणायचे?

"दिवे नव्हते हे खरं. पण ते नव्हे, मामा. ती रेघ माझी होती. मागच्या खेपेची आखणी तयार होती, तीच मी उचलली, तारखा बदलल्या. सगळं तपासलं होतं, खडक, खोली, सगळं. पण मागची खेप जुलैमधली होती. जुलैत बंदी असते, समुद्र मोकळा. मी सप्टेंबरची वाट जुलैच्या कागदावर काढली."

मी आकाशकंदिलाची दोरी उगाच सोडून पुन्हा बांधली. गेली अठरा वर्षे मी एकाच वहीतून शिकवतो. दर जूनमध्ये वरची तारीख बदलतो. माझ्या वहीपुढे टॉर्च घेऊन कोणी उभे राहत नाही, एवढाच फरक.

पुढच्या खेपेला त्याने रेघ बारा सागरी मैल बाहेर नेली. तास-दीड तास जास्त, त्याचे तेल जास्त. कॅप्टनने विचारले, कशाला? हा म्हणाला, "महिना बघा, सर." कॅप्टनने सही केली. पण त्या रात्रीपासून याला पहाऱ्यानंतर झोप येत नव्हती. डिसेंबरात पुन्हा जहाजावर हजर व्हायचे होते. जावे की नाही ते ठरत नव्हते. "तुम्ही सांगा, मामा. तुम्हीच तेव्हा आईला समजावलं होतं."

सहा वर्षांपूर्वी माझ्यापाशी पाऊण तासाचे भाषण होते. त्या रात्री एक वाक्य नव्हते. मी म्हणालो, "मला यातलं काही कळत नाही. तेव्हाही कळत नव्हतं." तो थोडा हसला, मला वाटले त्याला जरा बरे वाटले. आम्ही बराच वेळ खालच्या रस्त्यावरची मोटारींची गर्दी बघत उभे राहिलो.

डिसेंबरात तो गेला. तो गेल्यावर थोड्याच दिवसांनी, १८ डिसेंबर २०२४ला, गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान नौका आदळली आणि दहाहून अधिक माणसे मेली. त्या संध्याकाळी मी आक्काला फोन करायला उचलला आणि परत ठेवला. दूरदर्शनवरची चित्रे तिने पाहिलीच असणार. काय सांगणार होतो? रडार, उपग्रह?

फेब्रुवारीत तिचाच फोन आला. गावच्या घराची कौले बघायला जायचे होते. मी म्हणालो, "गाडी काढतो. आता अटल सेतूवरून लवकर होतं." ती म्हणाली, "नको. बोटीनं जाऊ."

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२० पासून मोटारींसकट माणसे नेणारी मोठी बोट जाते. आक्का बावन्न वर्षांची. आयुष्यात प्रथमच त्या धक्क्यावर उभी होती. आजीच्या जुन्या कापडी पिशवीत तिने पाण्याची बाटली, दोन संत्री आणि, का कोण जाणे, इस्त्री केलेला टॉवेल घेतला होता. वरच्या डेकवर कठड्याशी आम्ही बसलो. सूर्य वर आला होता, पाणी शांत होते. "काशाचा खडक कुठे?" तिने विचारले. मला ठाऊक नव्हते. एका खलाशाने हात करून दाखवले. तिथे पाणीच होते. आक्काने तिकडे पाहून हात जोडले आणि संत्रे सोलायला घेतले.

"त्याचं पत्र, म्हणजे तो मेसेज आला का?" मी विचारले.

"आला. कोलंबोला आहे. झोप येते म्हणतो आता." फोड माझ्या हातावर ठेवत ती पुढे म्हणाली, "ती रत्नागिरीची गोष्ट त्यानं मला आल्या दिवशीच सांगितली होती. तुला सांगू नको म्हणाला. मामाला कळलं तर तो स्वतःला दोष देत बसेल."

मी फोड तोंडात टाकली. दुसरे काही सुचले नाही.

एवढ्यात उजवीकडून एक मोठे जहाज बंदराकडे येताना दिसले. पेट्यांचे चार-पाच मजले रचलेले, संथ, जणू उभेच. "हे उभं आहे की येतंय?" आक्काने विचारले. मी सांगायला तोंड उघडले, पण ती केव्हाच कठड्याच्या एका खांबाशी डोळा लावून बसली होती. मीही वाकून पाहिले. जहाज खांबाशी होते. थोड्या वेळाने पाहिले, खांबाशीच होते, आणि जरा मोठे झाले होते. आक्काने माझे मनगट धरले. पायांखालची यंत्राची घरघर एकदम उतरली, आमची बोट मंदावली. जहाजाचे टोक खांबापासून केसभर पुढे गेले, मग बोटभर.

"सरकलं," आक्का म्हणाली आणि मनगट न सोडता बघत राहिली.